डोंगरातील चित्रशाळा व तिचे चालक

ज्याचे दुःख त्यानेच सांगावे, की ज्याला सांगता येते त्याने सांगावे, हा वाद मराठी वाचकांस अपरिचित नाही. खेड्याची कथा शहरातील लेखकाने लिहावी काय, आणि उपेक्षितांचे जिणे सहानुभूतीच्या बळावर चितारता येते काय, या प्रश्नांवर आपल्याकडे उभय पक्षांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. त्या वादात नवी भर घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जेथे हा वाद शाईपुरता राहिला नाही, जेथे त्यापायी एका मनुष्याचा प्राण गेला, आणि जेथे त्यानंतर दोनच वर्षांनी गावच्या पोरांनी कॅमेरा हाती धरला, अशा एका ठिकाणची हकीकत व तेथील कृती यांचे परीक्षण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण आपल्या वादात जे गृहीत धरले जाते, ते तेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ कसोटीस लागले आहे.

हे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेकडील लेचर परगणा, आणि संस्था म्हणजे त्या परगण्याच्या व्हाइट्सबर्ग या लहानशा गावी 1969 साली निघालेली 'अ‍ॅपलशॉप'. हा सारा प्रदेश अ‍ॅपलॅचिया नामक डोंगरांचा. डोंगरांच्या पोटी कोळसा अपार. परंतु खाणींचे मालक बहुधा परगावचे, त्यामुळे कोळसा गेला त्याच वाटेने पैसाही गेला, आणि मागे राहिली ती धूळ, खचलेल्या टेकड्या व फुप्फुसाच्या व्याधीने खंगलेली माणसे. 1963 साली व्हाइट्सबर्गचेच एक वकील हॅरी कॉडिल यांनी 'नाइट कम्स टु द कंबरलँड्स' हा ग्रंथ लिहून या लुटीचा इतिहास मांडला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले व ते स्वतः पूर्व केंटकीत येऊन एका गरीब कुटुंबाच्या ओसरीवर बसले. त्यांच्या मागोमाग छायाचित्रकार आले, वृत्तपत्रांचे बातमीदार आले, दूरचित्रवाणीवाले आले. 1964 च्या नाताळात 'ख्रिसमस इन अ‍ॅपलॅचिया' या कार्यक्रमातून येथील फाटके घर व अनवाणी मूल साऱ्या देशाने आपापल्या दिवाणखान्यात बसून पाहिले.

या चित्रांमुळे मदत आली, हे नाकारता येत नाही. परंतु ज्यांची चित्रे घेतली गेली, त्यांनाही ती पाहावी लागली. आपण आजवर ज्यास आपले घर म्हणत होतो, त्यास जग कीव करण्याजोगी वस्तू म्हणते, हे त्यांस प्रथमच समजले. दारिद्र्य सोसणे एक, आणि आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन झालेले पाहणे दुसरे. यांपैकी दुसऱ्या दुःखावर सरकारी अनुदानाचा उतारा चालत नाही.

या संतापाचा स्फोट 20 सप्टेंबर 1967 रोजी झाला. ह्यू ओकॉनर नावाचे एक नामांकित कॅनेडियन चित्रपटकार अमेरिकन सरकारच्या एका चित्रपटासाठी लेचर परगण्यातील जेरेमाया या वस्तीत आले होते. खाणीतून नुकताच परतलेला, कोळशाच्या भुकटीने काळा झालेला एक मजूर मांडीवर मूल घेऊन ओसरीवर बसला होता. त्याची संमती घेऊन मंडळी त्याचे चित्रण करीत होती. घर भाड्याचे होते. जागेचा मालक होबार्ट आयसन हा वृद्ध गृहस्थ बंदूक घेऊन आला, त्याने सर्वांस चालते व्हा म्हणून सांगितले, आणि मंडळी सामान उचलून निघाली असता गोळी झाडून ओकॉनर यांचा प्राण घेतला. परगण्यात आयसनविषयी एवढी सहानुभूती पसरली की, खटला शेजारच्या हार्लन परगण्यात न्यावा लागला. 1968 साली पंचांचे एकमत होऊ शकले नाही. 1969 साली आयसनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि एक वर्षाच्या आतबाहेर तो पॅरोलवर सुटला.

ज्या साली हा खटला संपला, त्याच साली अ‍ॅपलशॉपचा जन्म झाला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडणे चुकीचे होईल. संस्थेचा मूळ हेतू अगदी साधा, किंबहुना कारकुनी स्वरूपाचा होता. गरीब मुलांस चित्रपटाचे तंत्र शिकवावे, म्हणजे त्यांस शहरांत नोकऱ्या मिळतील, या विचाराने सरकारने देशात ठिकठिकाणी ज्या चित्रपट-कार्यशाळा काढल्या, त्यांपैकी ही एक. ती चालविण्यास आलेले बिल रिचर्डसन हे येल विद्यापीठातून वास्तुविद्या शिकून निघालेले तरुण गृहस्थ होते, म्हणजे परकेच. त्यांच्याभोवती गावातील शाळकरी मुले जमली. हर्ब स्मिथ हा व्हाइट्सबर्गचा मुलगा त्यांपैकीच एक. मुलांनी कॅमेरा हाती घेतला आणि आपल्या आजोबांचे, शेजाऱ्यांचे, डुक्कर कापण्याच्या दिवसाचे, सुइणीचे चित्रण सुरू केले. तंत्र शिकून झाल्यावर त्यांनी शहराची वाट धरावी अशी योजना होती. परंतु त्यांतील पुष्कळांनी ती धरली नाही. सरकारी पैसा आटला, तेव्हा या पोरांनीच संस्था आपल्या अंगावर घेतली. रिचर्डसन दांपत्यही गावातच राहिले. पुढे 1974 साली ध्वनिमुद्रिकांचा विभाग, 1975 साली 'रोडसाइड थिएटर' ही नाटकमंडळी, आणि 1985 साली नभोवाणी केंद्र अशा शाखा फुटल्या. संस्थेस एक मालक असा नव्हता. जे काम करीत तेच चालक होते.

या चालकांच्या कामाचे मोल ठरविताना एक सोपा निकष हाताशी येतो, आणि तो टाळला पाहिजे असे आम्हांस वाटते. तो निकष असा की, परक्याने काढलेले चित्र खोटे व घरच्याने काढलेले चित्र खरे. अ‍ॅपलशॉपचे चाहते बहुधा याच निकषाने तिची स्तुती करतात. परंतु तिच्याच कृती ओळीने पाहिल्या, तर हा निकष लंगडा पडतो, आणि तो लंगडा पडतो हे तिच्या चालकांनीच सर्वांआधी ओळखले, यातच त्यांचा खरा मोठेपणा आहे.

आरंभीचे अनुबोधपट घ्या. 1976 सालच्या 'क्विल्टिंग विमेन' मध्ये डोंगरातील बाया गोधड्या शिवताना दिसतात. तुकडे कातरण्यापासून ते चारचौघींनी चौकटीभोवती बसून टाके घालण्यापर्यंत सारे कर्म सावकाशीने दाखविले आहे. निवेदकाची बडबड नाही, दयेचे संगीत नाही. ज्यांनी 1964 सालची ती कीव आणणारी चित्रे पाहिली असतील, त्यांस ही माणसे प्रथमच ताठ मानेने बसलेली दिसतील. हे यश लहान नव्हे. तथापि या व अशा कृतींत एक गोडवा आहे, आणि तो पुनःपुन्हा चाखला असता जिभेस चिकटतो. गोधडी शिवणारे हात दिसतात, परंतु त्या हातांच्या घरी खाणीचा पगार किती येई, तो बंद झाला तेव्हा काय झाले, हे दिसत नाही. परक्याने केवळ फाटके पाहिले म्हणून घरच्याने केवळ ठिगळाची नक्षी पाहावी, हा न्याय समजण्याजोगा आहे, पण पुरा नाही. आपल्या माणसांवरील प्रेम हेही डोळ्यांवर झापड आणू शकते.

ही झापड बाजूस सारणारी कृती तत्पूर्वीच, 1975 साली, याच संस्थेतून बाहेर पडली होती. मिमी पिकरिंग यांचा 'द बफेलो क्रीक फ्लड : अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ मॅन' हा तो अनुबोधपट. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन परगण्यात पिट्स्टन कंपनीच्या खाणीचा मळ व सांडपाणी अडविणारा बांध 26 फेब्रुवारी 1972 च्या सकाळी फुटला. बफेलो क्रीकच्या अरुंद खोऱ्यातील वस्त्यांमागून वस्त्या वाहून गेल्या, 125 माणसे मेली व सुमारे चार हजार निराधार झाली. चारच दिवसांपूर्वी सरकारी तपासनिसाने बांध ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले की, ही ईश्वराची करणी होय.

पिकरिंग यांनी आपल्या कृतीचे नावच या वाक्याचे उत्तर म्हणून ठेवले : ही मनुष्याची करणी होय. परंतु नावातील आवेश त्यांनी चित्रणात कोठेही सांडू दिला नाही. वाचलेल्या माणसांच्या जबान्या, अधिकाऱ्यांची वक्तव्ये, उद्ध्वस्त खोरे, एवढेच साहित्य. ते असे शेजारी शेजारी मांडले आहे की, निकाल प्रेक्षकानेच द्यावा लागतो. ज्याचे मूल वाहून गेले तो सावकाश, शब्द शोधीत बोलतो, आणि ज्याचे काहीच गेले नाही तो अस्खलित बोलतो. या दोन बोलण्यांतील अंतर हाच या अनुबोधपटाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल. 2005 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात या कृतीस स्थान मिळाले, ते योग्यच झाले. येथे गोडवा नाही आणि कीवही नाही. गोधडीच्या चित्रात जो प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता, तो, म्हणजे हे सारे कोणाच्या फायद्यासाठी, येथे स्पष्ट विचारला आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. कंपनीवर बोट रोखणे धैर्याचे आहे, परंतु कंपनी ही परकी आहे. आपल्याच माणसाच्या हातून अपराध घडला, आणि साऱ्या गावाने त्यास पाठीशी घातले, तर घरचा चित्रकार काय करील? या कसोटीस उतरण्यास अ‍ॅपलशॉपला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. 2000 साली एलिझाबेथ बॅरेट यांनी 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' ही कृती पुरी केली. ओकॉनर यांचा वध हा तिचा विषय.

बॅरेट या शेजारच्या हॅझर्ड गावी वाढलेल्या. आयसन हा त्यांच्या डोंगरातला, त्यांच्या बोलीचा मनुष्य. ओकॉनर हा त्यांच्या व्यवसायाचा. म्हणजे ज्याने गोळी झाडली त्याच्याशी त्यांचे मातीचे नाते, आणि जो पडला त्याच्याशी कामाचे. ही अडचण त्यांनी लपविली नाही, उलट तीच कथेचा कणा केली. एकीकडे आयसनचे आप्त व गावकरी, दुसरीकडे ओकॉनर यांची मुलगी व सहकारी, अशा दोहोंकडच्या दारांत त्या जातात आणि दोहोंकडे ऐकून घेतात. आयसनच्या मनातील अपमान त्या समजावून देतात, परंतु समजावून देणे म्हणजे माफ करणे नव्हे, ही मर्यादा त्यांनी एकदाही ओलांडलेली नाही. गावाने खुन्याची बाजू घेतली हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही, पण ते वाक्य गाळलेही जात नाही. आपल्या गावाविषयी असे बोलून पुन्हा त्याच बाजारात दुसऱ्या दिवशी भाजी घ्यावयास जाणे किती कठीण आहे, हे ज्यास गाव आहे त्यालाच कळेल.

या कृतीतून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, आणि ती आपल्याकडील वादासही लागू पडावी असे वाटते. ओसरीवर बसलेल्या मजुराने चित्रणास होकार दिला होता. बंदूक उचलली ती जागेच्या मालकाने. गावाची अब्रू गेली असे जो म्हणाला, तो गावातील सर्वांत गरीब मनुष्य नव्हता. गरिबांकडून भाडे घेणारा होता. तेव्हा 'आमचे चित्र आम्हीच काढू' असे जेव्हा एखादे गाव म्हणते, तेव्हा त्या 'आम्ही' मध्ये कोण कोण येतात, हे विचारणे भाग आहे. गाव म्हणजे एक मुख नव्हे. त्यात भाडे घेणारा आहे व देणारा आहे, आणि त्या दोघांची अब्रूही एक नसते. बॅरेट यांनी हे सूत्र सुचविले आहे, परंतु आमच्या मते ते त्यांनी आणखी ताणावयास हवे होते. शेवटाकडे निवेदनातून चित्रकाराच्या जबाबदारीविषयीचे प्रश्न उघड उघड विचारले जातात. ते प्रश्न मोलाचे आहेत, पण तोवर चित्रांनीच ते विचारलेले असतात. पुन्हा शब्दांनी विचारल्यामुळे त्यांची धार थोडी बोथट होते. हा दोष मान्य करूनही, घरच्या माणसाने घराविषयी एवढ्या समतोलपणे सांगितलेली दुसरी कथा आमच्या पाहण्यात नाही.

या चालकांची कसोटी केवळ चित्रपटांत लागली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाचे काम घटू लागले, तेव्हा शेजारच्या व्हर्जिनियाच्या डोंगरमाथ्यांवर मोठे तुरुंग उभे राहिले : 1998 साली रेड अनियन व 1999 साली वॉलन्स रिज. त्यांत दूरदूरच्या शहरांतील बंदी आणून ठेवले, आणि त्यांत काळ्या वर्णाचे पुष्कळ होते. पहारेकरी मात्र डोंगरातले. अ‍ॅपलशॉपच्या नभोवाणीवर शहरी तरुणांचे हिप-हॉप संगीत लावणारा एक कार्यक्रम होता. त्याचा आवाज कोठड्यांपर्यंत पोचला आणि बंदीजनांची पत्रे येऊ लागली. त्यातून पुढे अशी प्रथा पडली की, सोमवारच्या रात्री बंदीजनांच्या आया, बायका, मुले केंद्रास दूरध्वनी करीत व त्यांचे निरोप वाऱ्यावर सोडले जात. भेटीस येण्यास ज्यांजवळ गाडीभाडे नाही, अशा आईचा आवाज मुलाच्या कोठडीत पोचू लागला. हेच निरोप रात्री स्वयंपाकघरात बसलेला पहारेकरीही ऐके, कारण केंद्र त्याचेही होते. ज्या परगण्यात 1967 साली परक्यास गोळी घातली गेली, तेथील केंद्राने पुढे अनोळखी परक्यांच्या घरची खुशाली साऱ्या डोंगरांस ऐकविली. गाव बदलले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्या केंद्राने 'आपले' या शब्दाची व्याप्ती वाढविली, एवढे निश्चित.

पुढची परीक्षा निसर्गाने घेतली. 2022 च्या जुलैअखेर पूर्व केंटकीत प्रलयंकर पाऊस झाला, नदीकाठची अ‍ॅपलशॉपची इमारत पाण्याखाली गेली, नभोवाणीचे दालन नष्ट झाले, आणि पन्नास वर्षांची रिळे, फिती, छायाचित्रे चिखलात बुडाली. ज्या संस्थेने पुराची सर्वांत प्रखर कथा सांगितली, तिचेच भांडार पुराने नेले. चालकांनी व स्वयंसेवकांनी चिखलातून एकेक डबा वर काढला, धुतला, आणि जपणुकीसाठी तज्ज्ञांकडे रवाना केला. केंद्राचा आवाज काही काळाने पुन्हा ऐकू येऊ लागला. उघडे बोडके केलेले डोंगर पाणी धरून ठेवीत नाहीत, हे त्या मुलखात सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे ही ईश्वराची करणी की मनुष्याची, हा 1975 सालचा प्रश्न तेथे पुन्हा विचारला गेला. संस्थेच्या जुन्या कृतीस याहून मोठा, आणि याहून दुःखद, दाखला कोणता हवा?

या मंडळींचे दोष आम्ही सांगितले आहेत, आणखी एक सांगावयास हवा. संस्था सरकारी अनुदानांवर व धर्मादाय निधींवर चालते, आणि असा पैसा देणारे बहुधा दूर शहरांत राहतात. दात्यास जी कथा रुचेल ती सांगण्याचा मोह अशा प्रत्येक संस्थेस होतो. शहरी दात्यास गोड गोधडीही रुचते व करुण खाणमजूरही रुचतो. या मोहापासून अ‍ॅपलशॉप सर्वस्वी मुक्त राहिली असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' ही कृती कोणत्याही दात्याच्या किंवा गावाच्या सोयीची नव्हती. ती केवळ तिच्या कर्त्यांस टाळता न आलेली होती.

तेव्हा आरंभीच्या वादाकडे वळून आमचे मत थोडक्यात सांगतो. घरचा असणे हा चित्र काढण्याचा परवाना नव्हे. तसे असते तर आयसनही उत्तम चित्रकार ठरला असता, कारण त्याच्याइतका घरचा दुसरा कोण होता? परका असणे हाही अपराध नव्हे. तसे असते तर रिचर्डसन यांस गावाने ठेवून घेतले नसते. चित्र काढून जो निघून जात नाही, ज्याचे चित्र काढले त्याच्या दारावरून ज्याला रोज जावे लागते, आणि तरीही जो डोळे खाली घालीत नाही व चित्रही खोटे करीत नाही, त्याच्या चित्रावर विश्वास ठेवावा. अ‍ॅपलशॉपच्या चालकांनी हे नेहमीच साधले असे नाही. परंतु जेव्हा साधले, तेव्हा त्यांनी जे निर्माण केले त्यास परक्याची कीव शिवली नाही आणि घरच्याचा अभिमानही शिवला नाही. आपल्याकडे कॅमेरा आता घरोघरी पोचला आहे, आणि प्रत्येक गाव आपले चित्र आपण काढू लागले आहे. ते काढताना भाडे देणाऱ्याच्या ओसरीवरून आपण चित्र काढतो आहो, की भाडे घेणाऱ्याच्या, एवढे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.